संगणकात हेर शिरला तेव्हा

जुळे सोलापूर
९ नोव्हेंबर २००९

चि. रेश्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. सतरा महिन्यांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी, याची लाज वाटते. पण काम तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही. फोन केला असता, पण माझा उजवा कान आता पुरता गेलाय आणि डाव्या कानात फोनवरचं बोलणं डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. शिवाय फोन तुझा भाऊ उदयसिंह उचलणार. त्यांच्याशी मी काय बोलू?

सुबोधचा कॉम्प्युटर बिघडलाय.

झालं असं. गेल्या मंगळवारी दुपारी मी त्यावर बसले होते. एकाएकी पडद्यावर लाल चौकट उघडली. इंग्रजीत लिहिलेलं, तुमच्या संगणकात हेर शिरलेत, एकूण तीनशे बारा, ताबडतोब हाकला. मी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. एका घरात तीनशे बारा हेर घुसल्याचं कधी वाचलं नाही. चौकट बंद करायला गेले तर दुसरी उघडली. तिच्यात ढालीचं चित्र होतं आणि खाली लिहिलेलं, हे फुकट घ्या, हेर पळतील. मी घाबरून दाबलं.

तो ढालवाला तासभर हेर मोजत बसला. मोजून झाल्यावर म्हणाला, हाकलायचे असतील तर कार्डावरून पन्नास डॉलर भरा. माझ्याकडे कसलं कार्ड? मी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चालू केला तर पडद्याची दशा झालेली. चित्रं पुरीएवढी मोठी, रंग उन्हात टांगलेल्या कॅलेंडरासारखे विटलेले, आणि अर्धं पान पडद्याच्या बाहेर. मागे सिद्धेश्वर तलावाकाठचा तुम्हा दोघांचा फोटो असायचा, तोही गेला. त्या जागी लाल रंगात धोक्याची सूचना.

माउस धरायला तूच मला शिकवलंस, म्हणून तुलाच विचारते. याचं काय करू? सवडीनं लिही. तुझ्या आईंना, रंभाबाईंना, नमस्कार सांग.

सुबोधची आई


मोडनिंब
१४ नोव्हेंबर २००९

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

पत्र आलं तेव्हा मी क्लासला निघाले होते. ते न उघडता पर्समध्ये ठेवलं आणि दिवसभर शिकवताना माझं लक्ष पर्सकडंच होतं. हो, क्लास म्हणजे इथं स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास निघालाय, मी मार्चपासून तिथं शिकवते.

आधी हे ऐका, तुम्ही पैसे भरले नाहीत ते लई चांगलं केलंत. तुमच्या कॉम्प्युटरात हेर वगैरे कुणी नव्हता. तो ढालवालाच चोर आहे. शिपायाचा डगला घालून आला आणि तुम्ही दार उघडलंत. आमचे सर म्हणाले, या वर्षी असे पुष्कळ निघालेत. तुमचं काही चुकलं नाही, शिकलेली माणसंसुद्धा फसली आहेत.

आता मी सांगते तसं करा. पहिल्यांदा फोनच्या डबीतून इंटरनेटची वायर काढून ठेवा. मग कॉम्प्युटर चालू करा आणि पडदा उजळायच्या आत कीबोर्डवरचं एफ आठ हे बटण टकटक दाबत राहा. एक काळी यादी येईल. तिच्यात सेफ मोड असं लिहिलेलं निवडून एंटर मारा. पडदा काळा होईल, चारी कोपऱ्यांत सेफ मोड लिहून येईल, चित्रं मोठी दिसतील. त्याला घाबरू नका, सर म्हणतात त्या अवस्थेत तसंच दिसतं. मग कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन प्रोग्रॅम काढायची जागा उघडा, ढालवाल्याचं नाव शोधा आणि त्याला काढून टाका. नंतर बंद करून नेहमीसारखा चालू करा.

एक विचारते. लाल चौकट आली तेव्हा तुम्ही कोणत्या पानावर होता? सर म्हणतात ते कळलं तर बरं, म्हणजे पुन्हा तिथं जायला नको.

तब्येतीला जपा.

रेश्मा


जुळे सोलापूर
२१ नोव्हेंबर २००९

चि. रेश्मा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मांडीवर घेऊन बसले आणि वर्गातल्या मुलीसारखी एकेक ओळ करत गेले. एफ आठ चार वेळा चुकलं. पाचव्यांदा काळी यादी आली तेव्हा घरात एकटीच "आली!" म्हणून ओरडले. शेजारच्या विजयमालाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं पाहुणेच आले.

ढालवाला सापडला. त्याला काढताना तो दोनदा म्हणाला, नक्की काढू का, तुमचा संगणक असुरक्षित होईल. मी म्हटलं, हो बाबा, जा. लाल सूचना गेली. पण नेहमीसारखा चालू केला तरी चित्रं पुरीएवढीच आहेत, रंगही विटलेलेच. तुमचा फोटो परत आला नाही.

सात रस्ता चौकातून एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मारावा लागतो." म्हणजे काय विचारलं तर म्हणे सगळं पुसून नवं भरायचं. सगळं म्हणजे सगळं? तो म्हणाला, हो, पाटी कोरी. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. सोमवारी पुन्हा येतो म्हणालाय. काय सांगू त्याला?

तू विचारलंस मी कोणत्या पानावर होते. स्वयंपाकाच्या. शेंगापोळीची कृती बघत होते.

खरं सांगायचं तर अक्षरं मोठी झाली ते एका अर्थी बरंच झालं. वाचायला त्रास पडत नाही. पण सुबोध असता तर त्याला असला पडदा पाहवला नसता.

आई


मोडनिंब
२४ नोव्हेंबर २००९

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

सोमवार तर गेला. देवा, फॉरमॅट मारू दिला नसेल ना? नसेल मारला तर त्या माणसाला घरात घेऊ नका. सर म्हणतात फॉरमॅटची काहीच गरज नाही. ढालवाल्यानं जाता जाता पडदा चालवणारा ड्रायव्हर बिघडवलाय, तेवढा पुन्हा घातला की झालं.

आई, त्यात सुबोधचे सगळे फोटो आहेत. माझ्याकडं एकही नाही. निघताना मी काही घेतलं नाही. तेव्हा वाटलं होतं, फोटो नसले की हळूहळू विसरेन. तसं झालं नाही. आता कधी कधी त्याची हनुवटी नीट आठवत नाही आणि मला घाबरायला होतं. म्हणून म्हणते, फॉरमॅट नको.

आणखी एक लिहून टाकते. तोंडावर कधी बोलता आलं नसतं. मी निघाले त्या दिवशी रिक्षात बॅग ठेवताना तुम्ही म्हणालात, "जा, इथं आता तुझं काय उरलंय." मोडनिंबपर्यंत मी एसटीत तेच ऐकत होते. मला वाटलं, तुमच्या लेखी मी सुबोधबरोबरच संपले. म्हणून पत्र नाही, फोन नाही. तुम्ही कॉम्प्युटरसाठी का होईना लिहिलंत, म्हणून आज विचारायचं धाडस केलं.

ड्रायव्हरचं असं करा. माय कॉम्प्युटरवर उजवं बटण, मग प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. यादीत पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं का ते कळवा. दिसलं तर सुबोधच्या टेबलाच्या खणात कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी असेल, ती शोधून ठेवा. सर म्हणाले, ती मिळाली तर दहा मिनिटांचं काम.

आणि आई, शेंगापोळीची कृती? तुम्ही? जिच्या शेंगापोळ्या आख्खी शाळा संक्रांतीला मागून न्यायची, ती कॉम्प्युटरवर कृती शोधते? सरांना सांगितलं तर तेही हसले.

रेश्मा


जुळे सोलापूर
५ डिसेंबर २००९

चि. रेश्मा,
अनेक आशीर्वाद.

फॉरमॅट मारलेला नाही. तो माणूस आला होता, त्याला मी उंबऱ्यातूनच सांगितलं, माझी सून बघणार आहे.

तुझं पत्र दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. ते वाक्य मी म्हणाले, हे खरं. पण ते अर्धं होतं गं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी ते पाठ केलं होतं. "जा, इथं आता तुझं काय उरलंय, वय अठ्ठावीस तुझं, पुढं सगळं आयुष्य पडलंय, माझ्यासाठी अडकू नकोस." असं म्हणायचं ठरलेलं. पहिला तुकडा म्हणाले आणि बाकीचं राहिलंच. रिक्षा वळली. मला वाटलं, तुला कळलं असेल. आणि तू लिहिलं नाहीस तेव्हा वाटलं, बरंच झालं, पोरगी सुटली, आपण मागे ओढू नये. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पूर्ण वाक्यात उत्तरं लिहायला शिकवलं आणि घरात अर्ध्या वाक्यावर दीड वर्ष घालवलं.

पिवळं प्रश्नचिन्ह आहे. खणात सीड्या सात निघाल्या. कोणती कुठली ते मला ओळखता येईना, वरची अक्षरं फार बारीक आहेत. तूच येऊन बघशील का? शनिवारी, १२ तारखेला ये. मी त्या दिवशी अक्कलकोटला दर्शनाला जाणार आहे, त्यामुळे घरी नसेन. किल्ली विजयमालाबाईंकडे ठेवते. निवांत काम कर. फ्रीजमध्ये खायला ठेवीन.

आणि एक. तुझ्या दोन पत्रांत मिळून "सर" सहा वेळा आले. मी मोजले. हे सर कोण?

आई


जुळे सोलापूर, तुमचंच घर
१२ डिसेंबर २००९, सकाळी

ती. आईंस,
साष्टांग नमस्कार.

कॉम्प्युटर झाला. हे पत्र मी सुबोधच्या टेबलावरच लिहिते आहे.

सात सीड्यांत पाचवी निघाली. घातली, ड्रायव्हर बसला, बंद करून चालू केला. पडदा एकदा काळा झाला आणि उजळला तो एकदम लख्ख. तलावाकाठचा फोटो शोधून मागे लावला. हनुवटीवर खालच्या बाजूला बारीक व्रण होता, तो मी विसरलेच होते. मला रडू आलं. सर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हो, सर आलेत बरोबर. तुम्ही विचारलंत, आता पूर्ण वाक्यात सांगते. त्यांचं नाव मृत्युंजय. अक्कलकोटच्या बाजूचे, घरी कन्नड बोलतात. आमचा क्लास त्यांचाच. दिवाळीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. दादाला कळलं तेव्हा त्यानं सरळ नाही म्हटलं. समाज वेगळा, भाषा वेगळी. त्यानं बार्शीचं एक स्थळ बघून ठेवलंय. पण मी थांबले ती दादासाठी नव्हे. मला वाटायचं, तुमच्या मनातून आधीच उतरलेय, हे ऐकलं तर तुम्ही माझं नावही घेणार नाही.

आज इथं आल्यावर ते सुबोधच्या खुर्चीवर बसले नाहीत. मी दोनदा म्हटलं, तरी उभ्यानंच काम केलं.

ढालवाल्याचं काही मागं राहिलंय का ते बघताना पडद्यावर एक फाइल दिसली. नाव होतं "स्थळं". आई, मी ती उघडली. माफ करा.

शेंगापोळीची कृती नव्हती ती! तुम्ही लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटवर माझं नाव घातलंत. आलेल्या अकरा जणांची उत्तरं तपासलीत आणि लाल अक्षरांत गुण दिलेत. "पगार लिहिला, स्वभाव लिहिला नाही. तीन." "मुलगी घरकामात निपुण हवी म्हणतो. शून्य." "वय चव्वेचाळीस आणि वडिलांना विचारून कळवतो. एक, तोही वडिलांना." मी हसत होते आणि मग वर तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं. "मुलगी रागावली की भांडी घासायला घेते. त्या वेळी तिच्याशी बोलू नये. बोललात तर चूक तुमची. तिचा पहिला संसार सव्वातीन वर्षांचा होता आणि तो सुखाचा होता. हे ज्याला ऐकवणार नाही त्यानं पुढे लिहू नये."

मी ते सरांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली सीडी पाकिटात घातली. मग म्हणाले, "मला ऐकवतं."

आई, हे लिहीत असतानाच विजयमालाकाकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तू दवाखान्यात गेली नाहीस का? अकरा वाजता ऑपरेशन आहे की." अक्कलकोट म्हणे! डोळ्याचं ऑपरेशन, आणि बरोबर फक्त शेजारचे काका! तुमच्या पत्रातलं अक्षर दर वेळी मोठं होत चाललं होतं, ते मी बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. मोठी अक्षरं बरी वाटतात म्हणालात तेव्हाच कळायला हवं होतं.

साडेदहा वाजलेत. निघते. हे पत्र कीबोर्डवर ठेवते. पट्टी सुटली की वाचा, कारण यातलं काहीच मला तोंडानं सांगता येणार नाही.

तुमची
रेश्मा


जुळे सोलापूर
६ जानेवारी २०१०

श्री. उदयसिंह यांस,
सप्रेम आशीर्वाद.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. आपण लग्नात भेटलो, आणि मग सुबोध गेला तेव्हा. कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. ते आठही दिवस तुम्ही तिथल्या पायऱ्यांवर बसून होतात, हे मी विसरलेले नाही. वर्षभरानं बहिणीला घरी बोलावून घेतलंत, त्याचाही मला राग नव्हता. माझी मुलगी असती तर मीही बोलावली असती.

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी शेजाऱ्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. टेबलावरून मला बाहेर आणलं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं नुसतं धुकं. कुणीतरी हात धरला. मी म्हटलं, "रेश्मा, हात गार पडलाय तुझा." ती म्हणाली, "तुम्ही आधी गप्प पडा." नंतर दहा दिवस तिनं दर चार तासांनी डोळ्यात थेंब घातले. तुम्ही तिला राहू दिलंत, त्याबद्दल आभार मानते.

त्या दहा दिवसांत मृत्युंजय तीन वेळा मोडनिंबहून आले. मी त्यांची चांगलीच तोंडी परीक्षा घेतली. मला शिक्षकी सवय आहे. विचारलं, "तिला पहिल्या नवऱ्याची आठवण येईल, तुम्ही काय कराल?" ते म्हणाले, "येईल तेव्हा ती बोलेल, मी ऐकेन. आणि बोलावंसं वाटलं नाही तर गॅलरीत जाऊन उभा राहीन." मला हे उत्तर पाठ केलेलं वाटलं नाही. त्यांच्या आईंनाही भेटले. त्यांना मराठी बेताचं, मला कन्नड चार शब्द आणि एक कान. तरी तासभर आम्ही बोललो आणि भाकरी-भाजी खाऊन त्या गेल्या.

तुमची हरकत मला माहीत आहे. समाज वेगळा आहे, लोक बोलतील. माझ्या सुबोधनं रेश्माशी लग्न केलं तेव्हा आमच्याकडचेही बोलले. माझे सख्खे दीर लग्नाला आले नाहीत. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज वाटतं, जे आले नाहीत त्यांनीच सव्वातीन वर्षांचं सुख पाहिलं नाही. मी पाहिलं.

ती तुमचा शब्द मोडणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर ती बार्शीच्या स्थळाला हो म्हणेल आणि तुमच्यासमोर कधी रडणारही नाही. म्हणूनच तुम्हाला लिहिते. मी तिची आता कायद्यानं कुणी आहे की नाही, ठाऊक नाही. पण तिच्या सासूनं तिच्यासाठी शब्द टाकला, एवढं तुमच्या कानावर असावं.

उत्तर काहीही असलं तरी राग धरणार नाही.

आपली
सरोजिनी


मोडनिंब
१८ जानेवारी २०१०

ती. आईसाहेबांस,
उदयसिंहाचा नमस्कार.

पत्र पोचलं. मला लिवायची सवय न्हाय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र तीन डाव वाचलं. पैल्यांदा राग आला. आमच्या घरातल्या गोष्टी तितं सोलापुरात ठरायला लागल्या असं वाटलं. मग रेश्मानं एक कागद आनून दिला. तुमी तिच्याबद्दल कॉम्प्युटरवर लिवलेलं, ते तिनं क्लासात छापून घेतलं हुतं. भांडी घासायचं वाचून आमची आई रंभाबाई हसाय लागली. म्हनली, "बाई, ही खोड हितं कुनाला ठावं न्हवती, ही सासूला कशी कळली!" पुढचं वाचलं आन ती डोळ्याला पदर लावून आत गेली. मी शेताकडं गेलो.

आईसाहेब, दीड वरीस ती माज्या घरात हाय. वेळेवर जेवती, पोरांचा अभ्यास घेती, कुनाला उलट बोलत न्हाय. मी म्हनायचो, बरं चाललंय. परवा ती मास्तरासंगं फोनवर बोलत हुती, मी दाराशी हुतो. कशावर तरी ती मोठ्यानं हसली. तवा माज्या ध्यानात आलं, की दीड वर्सात म्या तिचं हसनं ऐकलं न्हवतं. मीच तिला आनली आन मलाच कळलं न्हाय.

बार्शीकरांना निरोप दिला. लोक बोलतील तर बोलूद्यात.

येत्या रविवारी मी आन आई सोलापूरला येतो. मास्तराला आन त्येच्या आईला बी बोलवा. मला त्येच्या पंगतीला बसून बगायचं हाय. तारीख तिथंच धरू.

एक इचारायचं राहिलं. आमचे वडील न्हाईत, तवा कन्यादान मी करायचं असं आई म्हनती. पन रातच्याला इचार केला, पैल्या येळेला म्या पोरगी तुमच्या हाती दिली हुती. आता ती तुमच्या घरातनं जायाची. तर कन्यादानाला माज्या संगट तुमी बसायचं. तुमी म्हनाल, मी विधवा बाई, मला कोन बसू दील. भटजीशी मी बोलतो. त्यो न्हाय म्हनला तर दुसरा बगू. तुमी निस्तं हो म्हना.

आपला
उदयसिंह